पहिला टॅरंटुला : कोळी उत्तम, पेटी घातक

बर्मिंगहॅममध्ये सरपटणारे प्राणी आणि कोळी विकणाऱ्या एका दुकानातून दोन वर्षांपूर्वी आम्ही ‘कर्ली हेअर’ जातीच्या टॅरंटुलाचे पिल्लू घेतले. पिल्लू उत्तम निघाले. सोबत विकलेली पेटी मात्र त्याच्या जिवावर बेतणारी होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका या भागातली ही जात जमिनीवर राहते, तिची चाल संथ असते आणि डिवचल्यावर चावण्याऐवजी ती बहुधा मागे सरते किंवा पोटावरचे केस मागच्या पायांनी झाडते. या केसांनी त्वचेला खाज सुटते आणि ते डोळ्यांत गेल्यास फार त्रास होतो, त्यामुळे पेटीवर वाकून पाहू नये. भारत-श्रीलंकेतील झाडांवर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया कोळ्यांना असे केस नसतात. ते अतिशय चपळ असतात आणि त्यांच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात. ते कितीही देखणे असले तरी पहिल्या खेपेला घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानातली काचेची पेटी ४५ सेंटीमीटर उंच होती आणि तळाशी नारळाचा भुसा जेमतेम ३ सेंटीमीटर. टॅरंटुला काचेवर चढतो, आणि उंचावरून पडल्यास पोट फुटून मरू शकतो. आम्ही तिच्याऐवजी प्लॅस्टिकचा बसका डबा घेतला, त्याला बारीक भोके पाडली, १० सेंटीमीटर भुसा दाबून भरला, सालीचा आडोसा आणि पाण्याची ताटली ठेवली.

पिल्लू जंगलातून पकडलेले नसून पैदाशीचे आहे, हे मात्र दुकानदाराने आपण होऊन सांगितले, आणि इतक्या लहान वयात नर की मादी हे ठामपणे सांगण्याचे टाळले. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे, कारण मादी २० वर्षांहून अधिक जगू शकते, तर नर प्रौढ झाल्यावर फार काळ टिकत नाही.

मार्चमध्ये ते उताणे पडलेले पाहून माझी मुलगी रडू लागली. ते कात टाकत होते. डब्यातला रातकिडा आम्ही लगेच बाहेर काढला, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला तो कुरतडू शकतो. नवे सुळे आधी पांढरे होते, मग लालसर झाले. ते पुरते काळे झाल्यावरच पुढचे खाणे दिले. दरम्यान भिजवून उलगडलेली कात भिंगाखाली पाहिली, आणि आमच्याकडे मादी आहे हे कळले.