ऑनलाइन ओशन इंजिनिअरिंग एमएस: अर्ध्याहून जास्त विषय संपल्यावर

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. तुमच्या टेबलावर आज समुद्राचं काम असेल, म्हणजे प्लॅटफॉर्म, जेट्टी, ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध), पाइपलाइन यांपैकी काहीही, तर ही पदवी घ्या, पैसे वसूल होतील. समुद्राच्या कामात शिरायचं म्हणून घेणार असाल तर थांबा. का, ते पुढे येईलच.

मी सिव्हिलची. नवी मुंबईतल्या एका डिझाइन ऑफिसात ऑफशोअर स्ट्रक्चर्सवर काम करते, त्यात बरंचसं मुंबई हायचं, म्हणजे मुंबईबाहेरच्या भर समुद्रातल्या तेलक्षेत्राचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन एमएस नोकरी सांभाळून चालू आहे: 30 क्रेडिट, 10 विषय, प्रबंध नाही. एका सेमिस्टरला एकच विषय घेते. विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक त्या एका विद्यापीठाच्या नसून ऑनलाइन शिकण्याच्याच आहेत.

हे शिकतेय म्हटलं की घरी-दारी पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे आता बोटीवर जाणार का गं?" बोटीवर जातात ते मरीन इंजिनिअर, इंजिनरूम सांभाळणारे. जहाजाचा आकार ठरवतात ते नेव्हल आर्किटेक्ट. गोव्यात दोना पावलाला एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) समुद्राचा अभ्यास करतात ते ओशनोग्राफर. समुद्रात उभी किंवा तरंगती राहणारी वस्तू लाटांनी मोडू नये, वाहून जाऊ नये, हे बघणारे आम्ही. मावशीला हे सगळं दोनदा सांगून झालंय, तिने बोटच धरून ठेवली आहे.

प्रवेशाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जीआरई मागितली नाही, टोफेल मागितली, ऑफिसातल्या साहेबांचं शिफारसपत्र चाललं. आपल्याकडून ट्रान्सक्रिप्ट निघायला जो वेळ लागतो तो धरून तयारी करा, बाकी सोपं आहे.

खरी मजा पहिल्याच विषयात, लाटांच्या गणितात. एअरीचा रेषीय सिद्धांत, म्हणजे लाटांचं सगळ्यात साधं गणित, आपण पदवीला कुठेतरी वाचलेला असतो, पण तो वापरून समुद्र बघायला कुणी शिकवत नाही. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये म्हणजे साधारण 1.56 गुणिले आवर्तकालाचा (दोन लाटांमधल्या सेकंदांचा) वर्ग. 8 सेकंदांची लाट 100 मीटर लांब, 12 सेकंदांची 225 मीटर. आणि लाटेला तळ 'जाणवायला' लागतो तो पाण्याची खोली तिच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी झाली की. आता हे मुंबई हायला लावा. तिथे पाणी साधारण 75 मीटर. म्हणजे 8 सेकंदांच्या लाटेला तो समुद्र अथांग आहे, 10 सेकंदांची अगदी काठावर, आणि 12 सेकंदांच्या लाटेचे पाय तळाला लागतात. एकाच प्लॅटफॉर्मखाली दोन वेगळे समुद्र! सॉफ्टवेअर हे सगळं आतल्या आत हिशेबात घेतं, त्यामुळे ऑफिसात कधी हा विचार करायची वेळ येत नाही. दुसऱ्या आठवड्यातला गृहपाठ करताना मला पहिल्यांदा वाटलं की फीचे पैसे योग्य ठिकाणी गेले.

दुसरा मोठा लाभ मॉरिसनच्या समीकरणाचा. लाट नळीवर किती बल लावते ते यातून काढतात: एक भाग ड्रॅगचा, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीचा, दुसरा इनर्शियाचा, म्हणजे पाण्याचा वेग बदलताना येणाऱ्या बलाचा. आमच्या धंद्यात सगळे एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) कोडमधून दोन जोड्या उचलतात: गुळगुळीत नळीला ड्रॅगचा गुणांक 0.65 आणि इनर्शियाचा 1.6, खडबडीत नळीला 1.05 आणि 1.2. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर प्लॅटफॉर्मच्या पायांवर कालवं-शिंपल्यांचा थर भरपूर चढतो, म्हणून वरच्या भागाला खडबडीतची जोडी लावायची आणि व्यासही वाढवायचा. झालं. हे आकडे आले कुठून, हे या विषयात हाताने काढावं लागलं. प्राध्यापकांनी टाकीत उभ्या केलेल्या एका नळीवरच्या बलाची मोजणी दिली आणि म्हणाले, गुणांक तुम्हीच शोधा. ड्रॅगचा भाग पाण्याच्या वेगावर चालतो, इनर्शियाचा त्वरणावर, आणि लाटेत या दोघांचे कळस एका वेळी येत नाहीत, पाव आवर्तन पुढेमागे होतात. म्हणून तर एकाच नोंदीतून दोन्ही गुणांक वेगळे काढता येतात. काढल्यावर कळतं की ते स्थिर नाहीतच. नळीच्या व्यासाच्या मानाने पाणी किती लांब जाऊन परत येतं, त्यावर ते बदलतात, आणि मधल्या पट्ट्यात तर ठिपके आलेखभर विखुरलेले. मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 मध्ये बर्कलेत मांडलेलं हे समीकरण आजही आम्ही रोज वापरतो, ते त्या विखुरलेल्या ठिपक्यांवर एक व्यवहारी रेघ ओढून. ती रेघ कुठे सैल आहे हे माहीत असलेला माणूस क्लायंटच्या तपासनिसापुढे वेगळ्या आवाजात बोलतो. हे मी स्वतःवर पाहिलंय.

लाटांच्या वर्णपटाचा (कुठल्या आवर्तकालाच्या लाटांत किती ऊर्जा, त्या आलेखाचा) भागही चांगला होता, पण तो सगळा उत्तर समुद्राच्या चष्म्यातून. त्यातला नेहमीचा जॉनस्वाप वर्णपट 1973 चा, मोजणी उत्तर समुद्रातली, जर्मनीच्या किनाऱ्याबाहेरची. अरबी समुद्र तसा वागत नाही. पावसाळा सोडला तर आपल्याकडे लांबून आलेल्या लाटा (स्वेल) आणि इथल्या वाऱ्याने उठलेल्या लाटा एकत्र असतात, वर्णपटाला दोन शिखरं दिसतात. हिवाळ्यात आखातातल्या शमाल वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात, यावर एनआयओच्या लोकांनी लिहिलंय. माझ्या अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. मात्र टर्म प्रोजेक्टला "तुमचा समुद्र निवडा" अशी मुभा होती. मी युरोपियन हवामान केंद्राचा ईआरए5 हा हवामानाचा आणि लाटांचा डेटा घेतला (फुकट आहे, 1940 पासून तासातासाचा) आणि रत्नागिरीबाहेरच्या एका बिंदूवर सगळी कसरत केली. प्राध्यापकांना मॉन्सूनमध्ये आलेख असा एकदम वर का उडी मारतो, हे समजावून सांगण्यात पंधरा मिनिटं गेली, आणि ती या पदवीतली माझी सगळ्यात आवडती पंधरा मिनिटं.

किनाऱ्याच्या कामाचा विषय मला तुलनेने सपक वाटला. त्यातली एक गोष्ट तेवढी सगळ्यांना सांगत सुटते: हडसनच्या सूत्रात ब्रेकवॉटरवरच्या दगडाचं किंवा काँक्रीटच्या ठोकळ्याचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं. लाट 10 टक्के जास्त धरली की ठोकळा 33 टक्के जड. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर (ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) बसून शेंगदाणे खाणाऱ्या नवऱ्याला हे ऐकवून झालंय.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी: पाणी नाही. कॅम्पसवरच्या मुलांना वेव्ह टँक मिळते, आम्हाला त्या टँकचा व्हिडिओ आणि एक्सेलची फाइल. प्रयोगशाळेचा विषय त्यामुळे डेटा साफ करायचा विषय होऊन बसतो. फ्राउडच्या नियमाने (वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या हिशेबाने आखडतो) 1:50 च्या मॉडेलमध्ये 10 सेकंदांची लाट 1.4 सेकंदांची होते, हे कागदावर येतं. पण ती तुरुतुरु पळणारी लाट डोळ्यांनी बघितल्याशिवाय, आणि एवढ्याशा मॉडेलमध्ये पाण्याचा चिकटपणा कसा जास्तच लुडबुड करतो हे बघितल्याशिवाय, मॉडेलच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते अंगी येत नाही. माझं नशीब की ऑफिसच्या कामानिमित्त खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएसमध्ये (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात) जाणं झालं. 1916 पासूनची संस्था, आणि बंदरांची मॉडेल्स म्हणजे शेडभर पसरलेला किनारा. तिथे उभं राहून जे समजलं ते त्या व्हिडिओंतून समजलं नसतं. ऑनलाइन शिकत असाल तर अशी एखादी जागा, ऑफिसच्या ओळखीने का होईना, बघायला मिळवाच.

दुसरी, वेळ. तासांची रेकॉर्डिंग असतात, त्यामुळे रात्री अडीचला उठायची गरज नाही. पण प्राध्यापकांना प्रश्न विचारायची वेळ त्यांच्या सकाळी दहाची, म्हणजे आपली संध्याकाळी साडेसातची, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलली की साडेआठची. मी तेव्हा कधी ट्रेनमध्ये, कधी कुकरपाशी. ग्रुप असाइनमेंट त्याहून अवघड. माझ्या गटात एक शिपयार्डमधला, एक फ्लोटिंग विंडवाला (समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्या), एक नौदलाच्या कामातला. सगळे सज्जन, पण चौघांना मिळून मोकळा तास सापडेना. त्यातून त्यांचं फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. म्हणजे पहिला गृहपाठ गणपतीत, मिडटर्म दसऱ्याच्या आगेमागे, आणि शेवटचा प्रोजेक्ट सगळे दिवाळीहून परतून ऑफिसात कामाला भिडलेले असताना.

तिसरी, सॉफ्टवेअर. ऑर्काफ्लेक्ससारख्या (समुद्रातले दोर, पाइप, तरंगत्या वस्तू यांचं गणित करणाऱ्या) गोष्टींचं लायसन विद्यापीठाच्या रिमोट मशीनवर मिळतं आणि आपल्याकडून ती मशीन गोगलगायीच्या गतीने चालते. मी शेवटी जिथे चालेल तिथे मोकळी सॉफ्टवेअर वापरली. तरंगत्या वस्तूंच्या हायड्रोडायनॅमिक्ससाठी कॅपिटेन चांगलं आहे, पायथनमध्ये चालतं. पायथन किंवा मॅटलॅब येत नसेल तर आधी शिकून घ्या. इथे ते कुणी शिकवत बसत नाही. फूरियर आणि आंशिक अवकलन समीकरणंही घासून ठेवा. परीक्षा कॅमेऱ्यासमोर, आधी खोली फिरवून दाखवायची. इन्व्हर्टर नसेल तर तेवढ्यापुरती सोय करा.

आता तो सुरुवातीचा "थांबा". पूर्ण ऑनलाइन पदवीवर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, त्यामुळे शिक्षणानंतर तिथे काम करायची मुदतही नाही. अमेरिकेला जायचं दार म्हणून याकडे बघणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. इथे सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएचडी डोक्यात असेल तर समकक्षतेचं उत्तर आधी लेखी मिळवा. परदेशी ऑनलाइन पदव्यांबाबत एआययूचं (भारतीय विद्यापीठ संघाचं) धोरण वर्षानुवर्षं कडक होतं. आणि खाजगी कंपन्यांचं म्हणाल, तर फ्रेशरला फक्त या पदवीवर ऑफशोअरचं काम मिळालेलं मी पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी आयआयटी मद्रासचा ओशन इंजिनिअरिंग विभाग किंवा खरगपूर हा सरळ रस्ता आहे. 2022 पासून गेटला नेव्हल आर्किटेक्चर अँड मरीन इंजिनिअरिंगचा वेगळा पेपरही आहे. तिथे टाकी आहे, पाणी आहे, आणि फी याच्या पासंगालाही पुरणार नाही.

फीचं सांगायचं तर मला क्रेडिटमागे हजार डॉलरच्या आसपास पडतात. 30 क्रेडिटचे मिळून पंचवीस लाखांच्या वर. ऑफिस त्यातला काही भाग देतं, बी ग्रेडच्या वर आलात तर, आणि बाँड लिहून घेऊन. ती सोय नसती तर मी हे केलं नसतं. बाहेर पैसे पाठवताना ठरावीक रकमेपुढे टीसीएस (बँकेने आधीच घेतलेला कर) कापला जातो. तो विवरणपत्रात जमा धरला जातो, पण तोपर्यंत अडकतो.

एवढं असून पुढे का चालू ठेवलंय? 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबई हायच्या परिसरात पी-305 बार्ज (कामगारांच्या राहण्याचा मोठा तराफा) बुडाला. नांगर सुटले, बार्ज वाहत गेला, एका प्लॅटफॉर्मला आपटला, 70 हून अधिक माणसं गेली. आमच्या धंद्यात त्या आठवड्यात कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचं कुणीतरी त्या यादीत होतं. बार्ज वेळेत हलवायला हवा होता, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग निव्वळ आमच्या विषयाचा: एक दोर तुटला की त्याचा भार शेजारच्या दोरांवर जातो, त्यांतला सर्वांत ताणलेला पुढे तुटतो, आणि वादळात ही साखळी किती वेळात पूर्ण होते? मूरिंगचा, म्हणजे दोर-नांगरांनी तरंगती वस्तू बांधून ठेवण्याचा, विषय मी येत्या जानेवारीच्या सेमिस्टरला घेतलाय. त्यात एक दोर तोडून उरलेल्यांचा ताण काढायचा प्रोजेक्ट असतो, असं वरच्या बॅचच्या एकाने सांगितलं. मी आतापासूनच त्या आठवड्याचा ईआरए5 डेटा उतरवून ठेवलाय.

ज्यांना तरीही घ्यायचीच आहे त्यांनी फॉलऐवजी जानेवारीत सुरू करा. मार्च एंडिंग आडवं येतं, पण सण तरी सुटतात. आणि पैसे भरण्याआधी एनपीटेल या सरकारी शिक्षण संकेतस्थळावरचे आयआयटी मद्रासचे समुद्री अभियांत्रिकीचे व्हिडिओ आणि एमआयटीचा मरीन हायड्रोडायनॅमिक्सचा खुला अभ्यासक्रम, दोन्हीचे गृहपाठ हाताने सोडवत, महिनाभर करून बघा. दोन्ही फुकट आहेत, आणि माझ्या पहिल्या सेमिस्टरचं निम्मं गणित त्यांत आहेच.