पैठण गेटजवळचं कॅसेटचं दुकान: रेडिओसाठी गाणी शोधत असाल तर जा, फक्त फाईल कच्ची मागा

चार स्टार देतोय. एक का कापला ते खाली येईलच, पण आधी सांगतो की छत्रपती संभाजीनगरात राहून कोणी रेडिओवर, पॉडकास्टवर किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला एखाद्या विषयावर गाणी लावायचं काम करत असेल आणि या दुकानात गेलं नसेल तर लई मोठी गोष्ट राहिली असं समजा. पैठण गेटकडून गुलमंडीकडे जाताना डाव्या हाताच्या गल्लीत, मोबाईल कव्हरच्या दोन दुकानांच्या मधे सहा फुटांचं शटर आहे. नाव टाकत नाही, चाचांनीच नको म्हणलं, गर्दी झाली तर एकट्याला झेपत नाही. गल्लीत कोणालाही कॅसेटवाले चाचा विचारा.

मी मूळचा लातूरचा, इथं नोकरीला आहे आणि महिन्यातून दोनदा इथल्या एका कम्युनिटी रेडिओवर रात्री नऊला एक तासाचा अल्टरनेटिव्ह म्युझिकचा शो करतो. दर वेळी एक थीम. पैसे मिळत नाहीत, आवड म्हणून करायलो. कम्युनिटी रेडिओला 100 वॉटच्या आसपासच परवानगी असते म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे आवाज जात नाही, पण तेवढ्यात सिडको, हडको, छावणी, रेल्वे स्टेशन, गारखेडा सगळं येतं आणि ऐकणारे फोन करतात, चूक झाली तर लगेच कळवतात. त्यामुळं एक तास भरायचा म्हणून कशीबशी गाणी लावणं मला जमत नाही.

मार्चच्या एका शोची थीम मी ठरवली होती, 'नळ आले'. इथं राहणाऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही, नाथसागरासारखं एवढं मोठं धरण 50 किलोमीटरवर आणि आपल्याकडं नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, सगळ्या कॉलनीचं वेळापत्रक त्या एका तासावर चालतं. आणि मी लातूरचा असल्यानं माझ्या डोक्यात 2016 पण होतंच, 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली होती ती. तर मी आठवडाभर एका म्युझिक ॲपवर बसलो, पाणी टाकलं, वॉटर टाकलं, रेन टाकलं. काय आलं तर पावसात भिजायची सिनेमाची गाणी, झोप लागावी म्हणून केलेले धबधब्याचे आवाज आणि नावात पाणी आहे एवढ्याच कारणानं आलेलं काहीबाही. ॲपला शब्द कळतो, नळाची वाट बघणं कळत नाही. त्यात आमच्याकडचं तर काहीच नव्हतं.

मग ऑफिसमधल्या एकानं या दुकानाचं सांगितलं. मी गेलो आणि म्हणलं चाचा, पाण्यावर गाणी पाहिजेत, रॉक असो, लोकगीत असो, काही पण, फक्त फिल्मी नको. त्यांनी कॅसेट काढायच्या आधी विचारलं, "कितने बजे लगता तेरा प्रोग्राम?" म्हणलं रात्री नऊला. "फिर तो घर में सब जने सुनते रहेंगे. हमारे नल भी उसी टैम पेच आते." मग घरात त्या वेळी कोण कुठं असतं, मोटर कधी लावतात, ड्रम कोण भरतं, नळ यायच्या आधी किती वेळ बसून राहावं लागतं असं दहा मिनिटं आम्ही नुसतं तेच बोललो. गाण्याचं नाव पण नाही काढलं. आणि मला तिथंच शो दिसला, कारण मी नळ आल्यानंतरची गाणी शोधत होतो आणि तासातला अर्धा वेळ तर नळ यायच्या आधीचा असतो.

चाचांची मांडणी कंपनीप्रमाणं किंवा ए टू झेड नाही, कॅसेट कुठून आली त्याप्रमाणं आहे. खुलताबादच्या उरुसातल्या कव्वाल्यांचा एक कप्पा, पैठणच्या भजनी मंडळांचा एक, 14 जानेवारीला विद्यापीठ गेटवर नामविस्तार दिनाला जे स्टॉल लागतात तिथून वर्षानुवर्षं घेतलेल्या भीमगीतांच्या कॅसेटचे चार मोठे बॉक्स, आणि खाली एका पत्र्याच्या ट्रंकेत इंजिनिअरिंगच्या पोरांनी हॉस्टेल सोडताना विकून टाकलेल्या रॉक-मेटलच्या कॅसेट. त्याच ट्रंकेत रॉक स्ट्रीट जर्नलचे जुने अंक पण निघाले, 1993 ला अलाहाबादहून सुरू झालेलं मासिक. मुंबई-दिल्ली सोडून अलाहाबादमधून देशभरच्या रॉक बँडचं मासिक निघत होतं, ते अंक हातात घेऊन मला एकदम जोर आला.

त्यांनी मला सात कॅसेट काढून दिल्या. त्यातल्या तीन सांगतो. एक हॉस्टेलच्या ट्रंकेतली, इथल्याच पोरांच्या बँडची घरी रेकॉर्ड केलेली, इनले कार्डावर म्हणजे डबीतल्या कागदावर निळ्या पेननं लिहिलेलं, सात मिनिटांचं एक वाद्यांचंच गाणं, बेस गिटार एकाच सुरावर अडून बसलेली आणि ड्रमर नुसती झांज हलवत ठेवतो, काही घडत नाही आणि तरी उठावं वाटत नाही. हेच ते वाट बघणं. दुसरी पैठणच्या एका मंडळाची, नाथांच्या घरी श्रीखंड्या कावडीनं पाणी भरतो त्यावरचं भजन, आणि नाथषष्ठीला वाड्यातला रांजण भरायचा सोहळा मार्चच्याच सुमारास असतो त्यामुळं वेळ पण जुळली. तिसरी जालन्याकडच्या एका शाहिरांच्या पार्टीची, चवदार तळ्यावरची. 20 मार्च 1927. पाण्यावरचं गाणं म्हणल्यावर हे माझ्या डोक्यात पहिलं यायला पाहिजे होतं, मी आठवडाभर इंग्रजी शब्द टाकत बसलो आणि हे गाणं माझ्यापासून दोन किलोमीटरवर बॉक्समध्ये पडून होतं.

शोनंतर एका ऐकणाऱ्यानं विचारलं की भजन आणि भीमगीत अल्टरनेटिव्हमध्ये कसं काय. प्रश्न प्रामाणिक होता म्हणून इथं पण लिहितो. अल्टरनेटिव्ह हा शब्द रुळला तो 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओंमुळं, मोठी स्टेशनं जे लावत नव्हती ते ही पोरं लावायची, म्हणजे त्या शब्दाचं मूळ गिटारच्या आवाजापेक्षा कोण कोणाला वेळ देतं यात आहे. आता मराठवाड्यात कुठल्या गाण्याला कमर्शियल एफएमवर वेळ मिळत नाही ते बघा. चवदार तळ्याचं गाणं लाखो लोकांना पाठ आहे, जयंतीला गल्लोगल्ली वाजतं, पण संध्याकाळी गाडीत रेडिओ लावला तर ते लागलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. माझ्यासाठी ते आणि हॉस्टेलच्या पोरांची ती कॅसेट एकाच शोमधली गाणी आहेत. चाचांच्या दुकानात ती शेजारी-शेजारी आहेत म्हणून मला ते लवकर दिसलं, ॲपवर ती एकमेकांच्या जवळ कधी येणारच नाहीत.

आता कॅसेट डिजिटल करून द्यायच्या सर्व्हिसबद्दल, कारण कापलेला स्टार तिथला आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटला 120 रुपये घेतात, कॅसेट विकत घ्यायची तर 60 पासून 150. रेट वाजवी आहे कारण यात शॉर्टकट नाही, साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटं लागतात आणि त्याआधी टेप वाचणारं मशीनचं हेड स्पिरिटनं पुसणं, टेपखालचा तो फेल्टचा चौकोनी तुकडा गळून पडला असेल तर दुसऱ्या कॅसेटचा काढून चिकटवणं, पेन्सिल घालून टेप एकदा पूर्ण पुढं-मागं फिरवून घेणं असलं सगळं ते स्वतः करतात. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू जरासा फिरवून दबलेला आवाज उघडतात ते तर समोर बसून बघण्यासारखं आहे, कापडात गुंडाळून बोलतोय असं वाटणारा गायक एकदम समोर येऊन बसतो.

पण दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले. आणि पहिल्यांदा दिलेली भीमगीताची फाईल फास्ट होती. मला ऐकताना शाहिरांचा आवाज पोरासारखा वाटला म्हणून घरी पेटी काढून सूर लावून बघितला, तर गाणं पांढरी दोनमध्ये बसायलं, आणि इनलेवर कोणीतरी काळी एक असं लिहून ठेवलेलं, म्हणजे पेटीवर शेजारचीच वरची पट्टी, अर्धा स्वर वर, म्हणजे मशीन जवळपास सहा टक्के जोरात पळत होतं. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर पळायला पाहिजे, त्याच्यापुढं गेली की माणसाचा आवाज बदलतो. मी परत गेलो, चाचांनी वाद घातला नाही, डेक उघडला, मोटरच्या मागच्या भोकात बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून टेस्ट टेपवर, म्हणजे ठरलेला सूर भरलेल्या टेपवर, स्पीड लावला आणि फुकट परत भरून दिलं. पण मला पेटी वाजवता येते म्हणून कळलं, दुसऱ्या कोणाला कळलं नसतं आणि शाहिरांचा आवाज रेडिओवर चुकीचा गेला असता. हे मला लागलं. भरायच्या आधी टेस्ट टेप लावून बघायला पाहिजे.

दुसरी तक्रार, ते प्रत्येक फाईल न विचारता साफ करतात. कॉम्प्युटरवरचा नॉइज रिडक्शन इतका ओढतात की टेपची खरखर जाते आणि तिच्याबरोबर पेटीच्या भात्याचा श्वास, टाळांचं शेवटचं घुमणं, गाणं सुरू व्हायच्या आधी कोणीतरी खाकरलेलं, सगळं जातं. गाणं फ्रीजमधून काढल्यासारखं लागतं. म्हणून शीर्षकात लिहिलंय की कच्ची फाईल मागा. डब्ल्यूएव्ही, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, काही साफ न केलेली. तासाभराची कॅसेट साधारण 635 एमबी होते, पेन ड्राईव्ह घेऊन जा.

आणि मला त्या खरखरीची गरज पण होती. आमच्या घरी नळ यायच्या आधी पाईपातून हवा येते, आधी बारीक फुस्स, मग खोकल्यासारखं दोन-तीनदा अडकतं, मग पाणी. ते मी पहाटे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. कच्च्या फाईलमध्ये हॉस्टेलच्या बँडच्या गाण्याआधी जवळपास अकरा सेकंद नुसती टेप आहे, आणि ती खरखर आणि नळातली हवा यांचा आवाज इतका सारखा निघाला की एकातून दुसरं कधी सुरू झालं ते मला स्वतःला हेडफोनवर कळेना. शो तिथून उघडला. हवा, टेप, मग तो अडून बसलेला बेस. पाणी मात्र पडू दिलं नाही. पुढं कव्वाली, मधे नऊ-दहा मिनिटं माझं बोलणं आणि लातूरच्या रेल्वेची आठवण, मग चवदार तळं बरोबर अर्ध्यावर, त्याच्या आधी-नंतर काही न बोलता, आणि शेवटी नाथांचा रांजण. पाण्याचा खरा आवाज श्रीखंड्याच्या भजनाच्या शेवटच्या टाळाखाली पहिल्यांदा आला. आठ गाण्यांचा क्रम लावायला मला गाणी शोधण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

ओव्या चाचांकडं नाहीत, ते तुम्हाला दुसरीकडं बघावं लागेल. जात्यावरच्या ओव्यांसाठी पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाईटवरचा संग्रह ऐका, लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात आणि त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरात 1996 ला रेकॉर्ड केलेल्या पण आहेत.

एक गोष्ट दुकानावर सोडू नका, परवानगी. कॅसेट विकत घेतली म्हणजे रेडिओवर लावायचा हक्क मिळत नाही, आणि स्टेशनचं लायसन्स असलं तरी असल्या गावातल्या पार्ट्यांच्या कॅसेट गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कुठल्याच सोसायटीकडं नोंदवलेल्या नसतात. इनले कार्डावर गाव लिहिलेलं असतं, चाचांना विचारलं तर बऱ्याचदा माणूस पण माहीत असतो. बँडच्या पोरांचा जुना पाच आकडी लँडलाईन नंबर काही कामाचा नव्हता, ते कॉलेजच्या सीनियरकडून सापडले. शाहिरांच्या गावी मी बसनं गेलो. ते आता नाहीत, मुलगा भेटला, कॅसेटची त्यांच्या घरी एक पण प्रत उरली नव्हती. त्यांनी परवानगी दिली आणि एकच सांगितलं की पार्टीचं नाव अर्धवट घेऊ नका, गावासकट पूर्ण घ्या. मी शोमध्ये दोनदा घेतलं आणि ती कच्ची फाईल त्यांना पेन ड्राईव्हवर नेऊन दिली, काळी एकमधली.

दुकान अकराला उघडतं, शुक्रवारी दुपारी बंद, कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. शोच्या किमान दोन आठवडे आधी जा आणि तारीख चार दिवस अलीकडची सांगा. घरात कोणाच्या पावसाळ्यात बुरशी आलेल्या कॅसेट पडल्या असतील तर फेकू नका, स्वतः मशीनमध्ये पण घालू नका, चाचांकडं न्या. पुढच्या शोसाठी मी त्यांना थीम सांगून आलोय, रात्रपाळी. त्यांनी परत पहिलं हेच विचारलं की कुठल्या कारखान्याची, वाळूजची का चिकलठाण्याची.