धम्म सरोवर, धुळे: दहा दिवस निघून जातात हो, घरी आल्यावर काय?

विपश्यनेच्या, म्हणजे दहा दिवस मौन पाळून ध्यान शिकायच्या कोर्सवर नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, दहा दिवस बोललो नाही, मोबाईल नव्हता, तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटलं वगैरे. ते सगळं खरंच आहे पण माझा रिव्ह्यू त्याचा नाही. आपल्याला रोज ध्यानाला बसायची सवय लावायची आहे, तर त्यासाठी हा कोर्स कामाचा आहे का, एवढंच सांगतो. कोर्स करून वर्ष उलटून गेलंय त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

आधी माहितीचं उरकून टाकू. धम्म सरोवर म्हणजे खान्देश विपश्यना केंद्र, धुळ्याजवळ तिखी गावाकडे, डेडरगावच्या जलशुद्धीकरण केंद्राजवळ. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांना त्यासाठी इगतपुरीचं मुख्य केंद्र गाठायची गरज नाही, पद्धत तीच, शिकवणं तेच, ही पद्धत शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात, आणि समोर सहायक आचार्य बसलेले असतात, दुपारी 12 ते 1 त्यांना भेटून शंका विचारता येतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा. फी नाही, राहणं-जेवण सगळं आधी कोर्स केलेल्या जुन्या साधकांच्या दानावर चालतं, आणि दान पण कोर्स पूर्ण केल्यावरच घेतात, आधी देतो म्हटलं तरी नाही. फॉर्ममध्ये तब्येतीची आणि मनाच्या आजारपणाची माहिती विचारतात ती खरी भरा राजेहो, गंभीर मानसिक त्रास असेल तर हा कोर्स आपल्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नका.

आता मुद्द्याचं. तिथं पहाटे 4 ला घंटा, साडेचारला बसायचं, मधे नाश्ता-जेवण-आराम सोडला की रात्री 9 पर्यंत हेच, दिवसाचे दहा तास बसणं होतं. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, त्याला आनापान म्हणतात, चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे अंगावर जाणवणाऱ्या संवेदना नुसत्या बघत राहायच्या, आणि तिथून पुढं रोज तीन वेळा तासभर हातपाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं, ते अधिष्ठान. ऐकायला भयंकर वाटतं, गुडघे बोंबलतात पण. पण नीट बघितलं तर तिथं एक गोष्ट फार सोपी असते, "आज बसू का नको" हा प्रश्न कोणी विचारतच नाही. घंटा वाजली की उठायचं, बस. ठरवायचं काम तुमच्याकडं नाहीच. आणि घरी आलं की नेमकं तेच काम रोज सकाळी तुमच्या उशाशी येऊन बसतं.

शेवटी सांगतात की घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. माझं कृषी केंद्र आहे, एरंडोल-पारोळा पट्ट्यातलं. मे संपत आला की कपाशीच्या बियाण्यासाठी गिऱ्हाईक शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेलं असतं, मग युरिया, मग फवारणीची औषधं, ऑगस्टपर्यंत डोकं वर काढायला फुरसत नाही. अशा माणसाला दोन तास म्हणजे काय ते तुम्हीच समजा. घरात पण पहिल्यांदा कौतुक कमी आणि टोमणे जास्त, आई म्हणायची, "डोया मिटीसन बठी ऱ्हायना, दुकान कोन उघाडी?" तिचं पण चुकीचं नव्हतं म्हणा.

सकाळचं जमलं ते चहामुळं. उठलो, तोंड धुतलं, सतरंजीवर बसलो, आणि ध्यानातून उठल्याशिवाय चहा नाही, घरात तसं सांगूनच टाकलं. आपल्याकडं चहा कोणी चुकवत नाही त्यामुळं बसणं पण चुकत नाही, एवढं साधं आहे. वेळ घड्याळाला बांधली असती तर टिकली नसती, कारण लग्नसराईत, पाहुणे आले की, पहाटे मोटर चालू करायला शेतात जावं लागलं की घड्याळ हलतं. चहा हलत नाही. संध्याकाळचं मात्र खूप फिरवलं. दुकानात मागं गोडाऊनमध्ये बसून बघितलं तर औषधांच्या वासानं डोकं धरतं. गच्चीवर बसलो तर एप्रिल-मे मध्ये रात्री आठला पण गच्ची भाजते, आपल्याकडं 44-45 चा पारा काही नवीन नाही. आता जेवायच्या आधी आतल्या खोलीत, कूलर बंद करून, कारण कूलरच्या आवाजात झोपच लागते. सीझनमध्ये संध्याकाळचा तास अर्ध्या तासावर येतो, कधी दहा मिनिटांवर. आचार्यांना विचाराल तर ते तासच सांगतील, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत, पण माझं मत असं की दहा मिनिटं बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत बसतो, तास जमत नाही म्हणून अजिबात न बसलेला बसत नाही.

बाजारात सगळीकडं 21 दिवसात सवय लागते म्हणून सांगतात ना, त्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 लोकांवर अभ्यास झाला होता, 2010 चा आहे, रोज एक छोटी गोष्ट करायची आणि ती किती दिवसात आपोआप व्हायला लागते ते बघायचं, तर साधारण 66 दिवस निघाले, आणि माणसामाणसात फरक किती तर 18 पासून 254 पर्यंत. त्यातलीच एक गोष्ट मला जास्त कामाची वाटली, मधे एखादा दिवस चुकला तर सवयीवर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे बावीसाव्या दिवशी कंटाळा आला तर "आपल्यात दम नाही" म्हणून सोडायचं कारण नाही. मोबाईलमधल्या ध्यानाच्या काही ॲपमध्ये सलग किती दिवस झाले त्याचा आकडा दाखवतात, मला तो प्रकार नको वाटतो, एकदा आकडा शून्यावर आला की माणूस रुसून ॲपच काढून टाकतो. टायमर पाहिजे तर साधा लावा, फोन फ्लाइट मोडवर टाकून.

पण खरा पाचपैकी पाच द्यावा असा भाग वेगळाच आहे आणि त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. कोर्स झाला की तुम्ही जुने साधक, मग सामूहिक साधनेला जाता येतं, एक दिवसाच्या शिबिराला जाता येतं, पैसे तिथंही नाहीत. आमच्याकडं रविवारी एका साधकाच्या घरी पाच-सहा जण जमतात, एक रिटायर्ड मास्तर, एक एसटीतले कंडक्टर, दोन बाया, मी. तासभर बसायचं, मग चहा पिऊन घरी, गप्पा पण जास्त नाही. सोमवार ते शनिवार घरी एकटं बसायला जे बळ लागतं ते या एका तासातून येतं, हे मी पैजेवर सांगतो. न गेलं तर मास्तर फोन करून विचारतात, "काय भो, तब्येत बरी ना?" या फोनपुढं कोणत्याही ॲपचं नोटिफिकेशन फिकं आहे.

मग कोर्स कोणी करावा? ज्याला दहा दिवस अधिक येणं-जाणं असे बारा दिवस खरंच मोकळे काढता येतील त्यानं, अर्धवट सोडून यायचं असेल तर जाऊच नये, शेवटपर्यंत थांबायचं कबूल करूनच घेतात. ज्याला फक्त थोडं शांत बसायला शिकायचंय त्यानं आधी मिनी आनापान करून बघावं, दहा-पंधरा मिनिटांचं असतं, नेटवर फुकट मिळतं, कोर्स केलेला नसला तरी चालतं. जेवण सात्त्विक, शेवभाजीची आठवण काढू नका, संध्याकाळी नव्या लोकांना चहा आणि फळं एवढंच, पण भूक लागत नाही, दिवसभर बसूनच तर असतो.

शेतीवाल्यांनी आणि आमच्यासारख्या दुकानदारांनी थंडीतली तारीख धरावी, उन्हाळ्यात दहा तास बसणं आपल्या भागात सोपं नाही. आणि परत आल्यावर लगेच जवळची सामूहिक साधना कुठं भरते ते विचारून घ्या, निघायच्या आधी तिथंच, घरी आल्यावर विचारू म्हणाल तर राहून जाईल.