सत्तर रुपयांच्या मोटारीपायी

मी मोटारी भरतो. सेलू तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात बावीस वर्षांपासून माझं रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार भरायचं, दुकान आहे. विहिरीवरची पाच एचपी असो की बोअरमधली पाणबुडी, शेतकरी फोनवर नुसता आवाज ऐकवतो आणि कंडेन्सर गेला, बेअरिंग बसलं की एक फेज तुटला, हे मी बहुतेक वेळा जागेवरूनच सांगतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, बिचाऱ्याला कळत नसेल. मला कळत होतं. तरी बोटाएवढ्या पिवळ्या मोटारीनं माझे पाच हजार चारशे रुपये नेले.

लेक आठवीत आहे. इन्स्पायर अवॉर्ड मानक योजनेत तिची कल्पना निवडली गेली. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना. निवड झालेल्या लेकराच्या बँक खात्यात मॉडेल करायला दहा हजार रुपये थेट येतात. तिची कल्पना साधी होती: कपाशीच्या दोन ओळींमधून आपोआप चालत जाणारी फवारणीची गाडी, म्हणजे आजोबांना पाठीवर पंप घेऊन विषारी फवाऱ्यात चालावं लागणार नाही. शाळेतल्या सरांनी सांगितलं, चार चाकांचा रोबो किट आणा, त्यावर टाकी आणि नळी बसवू.

किट आणायला संभाजीनगरला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहिलं असतं, पण माझ्याकडची पावती म्हणजे एक कोरी चिठ्ठी, तिच्यावर ‘प्रोजेक्ट साहित्य ३,२००’ एवढंच. आता बघतो तर तिथंच पहिली खूण होती. तेव्हा मात्र भिंतभर टांगलेले बोर्ड, लॅपटॉपवर पटापट बोटं चालवणारा पोरगा आणि ‘काका, जिल्ह्यातले निम्मे प्रोजेक्ट आपल्याकडूनच जातात’ हे वाक्य, एवढ्यानं मी गार झालो. मालकानं वर विचारलंही, ‘शाळेत दाखवायला बिल वाढवून देऊ का?’ मी नको म्हणालो. ज्या माणसानं पहिल्या दहा मिनिटांत माझ्या वतीनं खोटं बोलायची तयारी दाखवली, तो माझ्याशी खरं बोलेल असं मला का वाटलं, देव जाणे.

किटमध्ये चार पिवळ्या मोटारी होत्या. बाजारात त्यांना बीओ मोटार म्हणतात, बीओ म्हणजे बॅटरीवर चालणारी. तीन ते सहा व्होल्ट, आत प्लास्टिकचे गिअर. आतली मोटार अठ्ठेचाळीस वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. सोबत गाडीचा मेंदू म्हणजे युनो बोर्डाची नक्कल, मोटारींना करंट पुरवणारा एल२९८एन हा लाल ड्रायव्हर, मोबाइलवरून चालवायला ब्लूटूथ आणि दोन लिथियमचे सेल. डावीकडच्या दोन मोटारी ड्रायव्हरच्या एका बाजूच्या दोन स्क्रूत, उजवीकडच्या दुसऱ्या बाजूच्या दोन स्क्रूत. ही जोडणी लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथंच आहे.

घरी जोडलं. गाडी अंगणात सरळ गेली, लेकीनं टाळ्या वाजवल्या. थांबवून परत सोडली तर डावीकडं वळायला लागली. डावं मागचं चाक फिरतच नव्हतं, नुसतं फरपटत होतं. बोटानं जरा ढकललं की ते सुरू व्हायचं. असं चार-पाच वेळांत एकदा.

बोटानं ढकलल्यावर सुरू होणारी मोटार माझ्या दुकानात आठवड्याला एक येते. सिंगल फेजचा पंप असेल तर कंडेन्सर बघायचा, काम झालं. पण ही डीसी मोटार. हिला सुरू व्हायला कंडेन्सर लागत नाही. इथं माझं डोकं अडकलं आणि मी स्वतःलाच म्हणालो, बाबा, हे कोडिंगवाल्या पोरांचं काम, आपलं नाही. फसवणूक खरं तर या वाक्यापासून सुरू झाली. दुकानदार नंतर आला.

पहिली खेप. पोरानं मोटार सुटी केली, टेबलावरच्या अडॅप्टरच्या तारा लावल्या, मोटार भुर्रकन फिरली. ‘मोटार ओके आहे काका, ड्रायव्हर गेलाय.’ नवा ड्रायव्हर साडेतीनशे. जुना काढून त्यानं ड्रॉवरमध्ये टाकला. ‘तो स्क्रॅप, इथंच राहू द्या.’ दुकानात गाडी दहादा सरळ चालली. घरी दुसऱ्या दिवशी परत डावीकडं.

दुसऱ्या खेपेला ‘कोडमध्ये लोचा आहे’ म्हणून पाचशे घेतले. मग तासाभरानं ‘पिन जळालीय, बोर्डच बदलावा लागेल’ म्हणून साडेसातशे. तोही जुना बोर्ड ड्रॉवरमध्ये. तिसऱ्या खेपेला मी जरा आवाज चढवला. म्हणालो, अरे, त्याच बाजूची पुढची मोटार चालते की. तो म्हणाला, ‘तेच तर काका, एक चालते, एक नाही, म्हणजे करंट कमी पडतोय. सेल बदला.’ जाड्या अक्षरात ‘९९०० एमएएच’ छापलेले दोन सेल, सहाशे रुपये.

हे सेलचं आधी संपवतो. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. त्या मापाच्या सेलला १८६५० म्हणतात; अठरा मिलिमीटर जाडी आणि पासष्ट मिलिमीटर लांबी, म्हणून तो आकडा. एवढ्या डब्यात चांगल्यातली चांगली कंपनीसुद्धा साधारण साडेतीन हजारांच्या आसपास पोचते. ९९०० हा आकडा छापणारा माणूस तुमच्या तोंडावर खोटं बोलतोय, तपासायची गरजच नाही. मी तरी शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवला. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल पंचेचाळीस ग्रॅम भरला, हा तीस.

आता त्या प्रत्येक खेपेला दुकानात मोटार कशी चालायची? हे मला चौथ्या खेपेला दिसलं, तेही लेक सोबत होती म्हणून. ती म्हणाली, ‘पप्पा, तो बघा, आधी चाकाला अंगठा मारतो आणि मग तार लावतो.’ मी बघितलं. खरंच, तार टेकवायच्या आधी प्रत्येक वेळी सहज, चाळा म्हणून मारल्यासारखा अंगठा. चाक जरा फिरायचं, अडलेली जागा सुटायची, मोटार पळायची.

ती तेवढ्यावर थांबली नाही. काउंटरवर दुसऱ्या कुणासाठी नवं किट भरून ठेवलं होतं, पारदर्शक पिशवीत. तिनं ती पिशवी उचलून उलटी केली. ‘हा माझा ड्रायव्हर आहे.’ खालच्या बाजूला नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका. घरी आलेल्या प्रत्येक वस्तूवर ती असा ठिपका लावते. वर्गात कंपास हरवल्यापासूनची सवय. माझा ‘गेलेला’ ड्रायव्हर नव्या किटमध्ये कुणाच्या तरी लेकराकडं निघाला होता. मालक म्हणाला, ‘चुकून गेला असेल.’ माझ्या तोंडून शब्द फुटेना. हा माणूस चांगला ड्रायव्हर माझ्याकडून काढून घेत होता, मला दुसरा विकत होता आणि माझाच पुढच्याला विकत होता. एका सडक्या मोटारीवर त्याचं दुकान फिरत होतं.

भिंतीवर पाटी होतीच, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. ती पाटी बघून माणूस निम्मा गार होतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथेत धरल्या आहेत: बिल न देणं, आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत, परत घ्यायला नकार देणं. हे मला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्यावर नीट कळलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीसुद्धा लागत नाही. माझी अडचण एकच, चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही. फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद होती, पण तो क्यूआर मालकाच्या भावाच्या नावावर. तरी ते स्क्रीनशॉट आणि पिशवीतल्या ठिपक्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवल्यावर त्यानं नऊशे रुपये परत पाठवले आणि दोन नव्या मोटारी देतो म्हणाला. त्याच्या मोटारी मी घेतल्या नाहीत. पुढं आयोगात गेलो नाही. प्रदर्शन सहा दिवसांवर होतं, आणि रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू असल्यानं माझ्या दुकानात जळालेल्या मोटारींची रांग लागली होती. बरोबर केलं असं म्हणत नाही.

त्या रात्री मी ती मोटार उघडली, जी पहिल्या दिवशीच उघडायला हवी होती. प्लास्टिकची पट्टी सोडवली की मोटार गिअरच्या डब्यातून ओढून निघते. डब्यात वाळलेली माती आणि कुणाचा तरी लांब केस गुंडाळलेला. तारांच्या डागाखाली, म्हणजे सोल्डरखाली, आधीच्या डागाचा काळा थर. म्हणजे मोटारच मागच्या कुठल्या तरी प्रोजेक्टमधून काढलेली. टायर तेवढे नवे. मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन्ही पत्त्यांना टोकं लावली आणि पुढचा छोटा दात असलेला दांडा हातानं हळूहळू फिरवला. सहा, सात, सहा, आणि एका जागी आकडा उडाला, सर्किट उघडं. परत फिरवलं, परत त्याच जागी. मागचं झाकण काढल्यावर कम्युटेटरवर, म्हणजे ब्रशमधून करंट घेणाऱ्या फिरत्या कड्यावर, त्या ठिकाणी जळका काळा चट्टा दिसला. मोटार थांबताना ब्रश नेमका चट्ट्यावर थांबला तर पुढच्या वेळी उठायची नाही. दुसरीकडं थांबला तर झकास पळायची. म्हणून दर ‘दुरुस्ती’ लागू पडल्यासारखी वाटत होती.

आणि हे उघडायचीही गरज नव्हती. पुढची आणि मागची डावी मोटार एकाच दोन स्क्रूत. एक चालते, एक नाही. एका स्टार्टरवर दोन पंप असतील आणि एक पाणी ओढत असेल, तर मी शेतकऱ्याला स्टार्टर बदलायला सांगेन का? सांगितलं तर तो मला गावात फिरू देणार नाही. ड्रायव्हर, बोर्ड, कोड, सेल, या चारही गोष्टी त्या चालत्या मोटारीनं पहिल्याच दिवशी निर्दोष सोडल्या होत्या. शंका असेल तर डाव्या मोटारींच्या तारा उजव्या स्क्रूत आणि उजव्यांच्या डाव्या स्क्रूत लावून बघायच्या. दोष त्याच मोटारीसोबत गेला तर ती मोटार, तिची तार किंवा डाग वाईट, डाव्या स्क्रूंपाशीच राहिला तर ड्रायव्हर किंवा त्याच्या मागचं काही. दोन मिनिटांचं काम, स्क्रूड्रायव्हर सोडला तर काही लागत नाही. सगळ्याच मोटारी मरगळल्यासारख्या चालत असतील तेव्हा मात्र सेलकडं बघा, कारण तो जुन्या घडणीचा लाल ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. आणि चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर अशी गाडी चालवायला जाऊच नका, चार मोटारींचा करंट तिला झेपत नाही.

दुकानदारानं तपासणी केली तर तारा तुम्ही स्वतः लावा आणि चाकाला कुणालाही हात लावू देऊ नका. तीन-चारदा थांबवून परत सुरू करायला सांगा. बदललेली वस्तू पिशवीत घालून घरी आणा, ‘स्क्रॅप’ म्हणाला तरी. आणि ठिपका लावा.

नवी मोटार मला परभणीत सत्तर रुपयांना मिळाली, छापील बिलासकट. गाडी प्रदर्शनात शेवटपर्यंत सरळ चालली. पुढच्या फेरीसाठी निवड झाली नाही. परीक्षकांनी विचारलं, काळ्या मातीत पाऊस झाल्यावर चाकं कशी चालतील, आणि त्याचं उत्तर आमच्याकडं नव्हतं.

परत येताना गाडीत लेकीनं विचारलं, ‘पप्पा, आपण लोकांच्या मोटारी भरतो, तेव्हा आतलं जळालेलं जुनं तांबं कुठं जातं?’ मी म्हणालो, ते दुकानदाराचं असतं, मजुरीतच धरलेलं असतं, सगळीकडं तशीच पद्धत आहे. ती म्हणाली, ‘पण आपण त्यांना सांगतो का?’

सेलू येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. दुसऱ्या दिवशी वालूरचा एक शेतकरी पाणबुडी न्यायला आला, तेव्हा जुनं तांबं त्याच्यासमोर काट्यावर ठेवलं. तो म्हणाला, ‘हे कशाला मोजता?’