निकॉन अ‍ॅक्युलॉन ए२११ (८×४२): घरच्या सगळ्यांनी वापरलेल्या दुर्बिणीचा रिव्ह्यू

आधी थेट सांगते, घरात पोरं असतील, गॅलरी किंवा गच्ची असेल आणि दर शनिवारी "आज कुठे जायचं" वरून घरात चर्चासत्र भरत असेल तर एक बरी दुर्बीण घ्या. आम्ही निकॉनची अ‍ॅक्युलॉन ए२११ घेतली, ८×४२ वाली, आणि मी मनापासून सांगते की घरातल्या इतक्या सगळ्या माणसांनी इतक्यांदा हातात घेतलेली दुसरी वस्तू आमच्याकडे नाही. पोरांना खरं काय हवं असतं, "आई लवकर ये, हे बघ काय आहे!" असं जिवाच्या आकांताने ओरडायला मिळायला हवं असतं, आणि ते आता मी चहा गाळत असताना आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत होतं, त्यासाठी घाटातल्या ट्रॅफिकमध्ये दोन तास बसावं लागत नाही.

आकड्यांचं पहिलं बोलून घेऊ कारण खरेदी करताना तिथेच गडबड होते. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ऑनलाईन बघायला गेलं की १०×, २०×, झूमवाली असलं काय काय समोर येत राहतं आणि साहजिकच वाटतं की जास्त म्हणजे भारी. पण हातात धरून बघायचं असेल तर पट वाढते तशी हाताची थरथरही वाढलेली दिसते आणि एका वेळी दिसणारा तुकडा लहान होतो, मग पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो, आणि पोरांचा पेशन्स तर आपल्याला माहितीच आहे. शिवाय ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल डोळ्यात शिरतो, म्हणून दिवेलागणीच्या वेळेला सुद्धा चित्र उजळ राहतं. या मॉडेलमध्ये एका वेळी ८ अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मांडले तर सोळा बसतील एवढा. भरपूर आहे. आत पोरो प्रिझम आहेत, इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४ साली पेटंट घेतलेली रचना, भिंगातून येणारं उलटं चित्र त्या प्रिझममध्ये वळत वळत सुलटं होतं. दिसायला ही सरळ नळ्यांवाल्या दुर्बिणीपेक्षा जाडजूड असते पण तेवढ्याच पैशात चित्र सहसा हिच्यात चांगलं मिळतं. किंमत मी लिहीत नाही, सेलमध्ये खालीवर होत असते.

आणि खेळण्यातली अजिबात घेऊ नका. धाकट्याला वाढदिवसाला कोणीतरी दिली होती, तिच्यात दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसायची, कडांना जांभळी रेघ, दोन मिनिटांत डोकं दुखायला लागायचं आणि तो म्हणायचा "मला नाही जमत". दोष वस्तूचा आणि पोराला वाटतंय आपल्यालाच जमत नाही, हे मला फार लागलं होतं. नवी दुर्बीण त्याने पहिल्यांदा डोळ्याला लावली आणि समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या घारीची मान वळताना बघून तो जो श्वास रोखून उभा राहिला, त्यात सगळे पैसे वसूल झाले.

वापरायला सोपी आहे पण पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसून सगळ्यांना शिकवा. मधला सांधा दाबून दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत जवळ आणायची. मग उजवा डोळा मिटून डाव्याने मधल्या चाकावर फोकस करायचा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची रिंग फिरवून उजव्याचा नंबर जुळवायचा, एवढं केलं की नंतर फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली फिरवून घ्या, सासूबाई चष्म्यासकट आरामात बघतात. पोरांना एक गोष्ट पक्की सांगा, आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर तिथून काढायची नाही, आणि नजर तशीच ठेवून दुर्बीण वर डोळ्यांपाशी आणायची. आधी दुर्बीण लावून मग आभाळभर शोधत बसलं की काहीच सापडत नाही. अगदी तीन-चार वर्षांच्या पिल्लाचे डोळे इतके जवळ असतात की त्यांना दोन्ही नळ्या जुळत नाहीत, त्यांना एकाच नळीतून बघू दे.

आता खरी मजा. आमच्यासमोरच्या बंगल्याच्या कंपाउंडात एक जुना पिंपळ आहे, रोज बघतो, त्यात काही विशेष आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं. फळं धरली होती तेव्हाची गोष्ट, लेक गॅलरीतून बघत होती आणि म्हणाली आई वारा नाहीये पण पानं हलतायत. मी पण बघितलं, काही नाही, नुसती पानं. तिने हट्टाने एक एक फांदी धरून बघायला सुरुवात केली, बुंध्यापासून टोकापर्यंत, आणि एकदम म्हणाली "पाय! पिवळे पाय!" मग तिने मला ती फांदी समजावून सांगितली, आणि खरंच, पानांमध्ये हळदीसारखे पिवळेधमक पाय, मग वर राखाडी डोकं, खांद्यावर पुसट जांभळा डाग, आणि एकदा तो एक पक्षी डोळ्यात बसला की मग त्याच्या शेजारचा दिसला, खालचा दिसला, एक लटकून फळ तोडत होता तो दिसला, बघता बघता अख्खं झाड पक्ष्यांचं झालं. हरियाल! आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पुस्तकात पाठ केलेला, आणि तो समोरच्या पिंपळावर जेवायला येतोय. सासूबाई आतून पोळ्या टाकून आल्या, बघितलं आणि म्हणाल्या अगं ही तर हरोळी, आमच्या गावाला वडावर थवेच्या थवे असायचे, आणि मग त्या तासभर गावचं सांगत बसल्या, जे पोरांनी कधी ऐकलं नव्हतं आणि खरं तर मीही नाही. तव्यावरची पोळी करपली ती करपली.

त्यानंतर उन्हाळ्यात दुपारभर टुक टुक टुक करून डोकं उठवणारा तांबट शोधून काढला, चिमणीएवढा जीव, हिरवा, कपाळ लाल, आवाज केवढा. वायरवरचा वेडा राघू उडतो, हवेत गिरकी घेऊन माशी पकडतो आणि परत त्याच जागेवर येऊन बसतो, मग ती माशी वायरवर आपटतो, हे आठपट जवळून बघताना पोरांचं जेवण कधी संपतं कळत नाही. शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, आला की सगळे कावळे-चिमण्या ओरडायला लागतात, आता आवाज ऐकूनच धाकटा दुर्बिणीकडे पळतो. नावं ओळखायला कॉर्नेल लॅबचं मर्लिन अ‍ॅप आहे, फुकट आहे, फोटोवरून आणि आवाजावरून सुचवतं, पण आमच्याकडे नियम असा की आधी आपण वहीत रंग, चोच, शेपटी लिहायची आणि मग अ‍ॅप उघडायचं.

रात्रीचं तर मला स्वतःला काहीच माहीत नव्हतं आणि तिथेच सगळ्यात जास्त मिळालं. चंद्र पौर्णिमेला बघू नका, तेव्हा समोरून उजेड पडतो आणि सगळं सपाट दिसतं. शुद्ध अष्टमीच्या आसपास बघा, उजेड आणि अंधाराची जी सीमा असते तिथे सावल्या लांब पडतात आणि विवरं अशी उठून दिसतात की काय सांगू. नवमी-दशमीला कोपर्निकस नावाचं विवर मिळतं, साधारण ९३ किलोमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ पुणे ते भिगवण एवढा खड्डा, हे सांगितल्यावर लेक कितीतरी वेळ गप्प होती. शांतिसागराचा काळा पट्टा दाखवून सांगता येतं की २० जुलै १९६९ ला माणूस इथे उतरला, आणि दक्षिणेची कड दाखवून सांगता येतं की २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३ त्या बाजूला उतरलं. विक्रम लँडर दिसणार नाही, ते पोरांना आधीच सांगा, पण कुठल्या बाजूला ते बोट ठेवून दाखवता येतं हे काय कमी आहे का!

गुरू असेल तेव्हा कोपरं रेलिंगवर टेकवा, श्वास धरा, आणि गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके शोधा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये बघितलेले तेच चार चंद्र. लेक रोज रात्री वहीत गोल काढून ठिपके मांडते, आज एका बाजूला तीन, उद्या दोन-दोन, त्यातला आयो तर पावणेदोन दिवसांत चक्कर पुरी करतो त्यामुळे चित्र रोज बदलतं. हिवाळ्यात कृत्तिका बघाच, नुसत्या डोळ्यांना पाच-सहा तारे दिसतात आणि दुर्बिणीत डझनांनी, आणि अख्खा पुंजका एकाच वेळी मावतो. मग मृग. पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला एक धुरकट ठिपका दिसतो, तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, साधारण १३५० प्रकाशवर्षं लांब, म्हणजे आपल्या डोळ्यात आज पडलेला उजेड तिथून निघाला तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरायला सुरुवातही झाली नव्हती. पुण्याच्या उजेडात तो फिकाच दिसतो, गावाला गेलात तर न चुकता बघा. शनीची कडी मात्र आठपटीत दिसत नाहीत, त्याला टेलिस्कोपच लागतो, पोरांना उगाच आशा लावू नका.

सूर्याचं मात्र हात जोडून सांगते. दुर्बिणीतून सूर्याकडे एक क्षणही बघायचं नाही, मावळतीच्या वेळी पण नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि ग्रहणाचा चष्मा लावून वर दुर्बीण लावली तरी तोच धोका आहे कारण भिंग सगळी उष्णता एकवटून त्या चष्म्यावर टाकतं. आमच्याकडे ऊन गॅलरीत आलं की दुर्बीण आत, आणि लहानांनी मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय दिवसा हात लावायचा नाही.

बाहेर नेण्यासाठी वेताळ टेकडी आणि पाषाण तलाव आहेतच, सकाळी जाऊन नाश्त्याला घरी. पण एकदा थंडीत भिगवण कराच. पुण्याहून सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर, उजनी धरणाचं बॅकवॉटर, कुंभारगाव किंवा डिकसळला मासेमारी करणारी माणसंच होडीतून फिरवतात आणि त्यांना कुठला पक्षी कुठल्या उथळ पाण्यात असेल हे बरोबर ठाऊक असतं. पहाटे निघालात तर बरं, उन्हं चढली की पाण्यावर चकाकी येते. हलत्या होडीत आठपटच का हवी ते तिथे कळतं. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळून खातात, ते नुसत्या डोळ्यांना लांबची गुलाबी रेघ दिसते आणि दुर्बिणीत चोचीचं काळं टोक आणि त्यावरून ओघळणारं पाणी दिसतं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब बघितले, हिमालय ओलांडून येतात ते. नावाड्याला आधीच प्रेमाने सांगा की दादा, फोटोसाठी पक्षी उडवायचे नाहीत, आम्हाला लांबूनच बघायचंय. पक्षी येतात खायला आणि विश्रांतीला, आपल्या फोटोसाठी त्यांनी का दमायचं, आणि दुर्बीण असल्यावर जवळ जायची गरजच उरत नाही.

मर्यादा पण लिहिते. वजन ७५५ ग्रॅम आहे, लहान पोराच्या गळ्यात अर्ध्या तासाच्या वर नको, आम्ही पट्टा मोठा रुंद लावून घेतलाय. वॉटरप्रूफ नाही, त्यामुळे पावसाळी ट्रेकला ही न्यायची नाही. आणि पाच मीटरच्या आतलं फोकस होत नाही, म्हणजे आपल्याच कुंडीतल्या जास्वंदीवर आलेला शिंजीर (फुलातला मध पिणारा इवलासा पक्षी) किंवा फुलपाखरू हिच्यात दिसणार नाही, त्यासाठी डोळेच. पावसाळ्यात दमट हवेने भिंगाला बुरशी धरू शकते, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. भिंग ओढणीने किंवा पदराने पुसायचं नाही, आधी फुंकणीने धूळ उडवायची आणि मगच मऊ कापड. बाकीच्या दिवसांत मात्र डब्यात ठेवू नका, गॅलरीच्या दाराशी खुंटीला टांगा, कारण काढेपर्यंत पक्षी थांबत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा वजनासाठी. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवस, कुठूनही किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजून ई-बर्ड या पक्षी नोंदवायच्या वेबसाइटवर नोंदवायचे, अगदी गॅलरीतून चालतं. या वेळी नवरा, पोरं, सासूबाई सगळे उतरणार आहेत आणि एकाच दुर्बिणीवरून भांडणं होणार हे आत्ताच दिसतंय, त्यामुळे सासूबाईंसाठी एखादी हलकी ८×३० शोधतेय, कोणी वापरली असेल तर चष्म्यावरून कशी दिसते ते जरूर सांगा.