निवृत्त गुरुजींचं सल्ला केंद्र: नवोदय, एनएमएमएससाठी जावं का?

दारव्हा भागात जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक बाजाराच्या दिवशी हे केंद्र चालवतात. एनएमएमएसचं, म्हणजे परीक्षेतून मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचं काम इथं एक नंबर. आठवीच्या पोराला निवडीनंतर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाखांची. गुरुजी आधी अभ्यास नाही, कागद बघतात. दाखल-खारीज रजिस्टरात ‘ज्ञानेश्वर’ अन् आधारवर ‘द्यानेश्वर’ असलं की पैसे अडकतात, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर लावून पाहतात. खातं आधारशी जोडलेलं आहे का, हेही विचारतात. निवड झाली म्हणजे सुटलो असं नाही. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण लागतं, अन् बरेच पालक तिथंच चुकतात.

नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत सहावीला प्रवेश देणाऱ्या परीक्षेची तयारीही नेमकी. ८० प्रश्नांपैकी ४० बुद्धिमत्तेचे, १०० पैकी ५० गुण त्यांचेच. त्यामुळे सुरुवात आकृत्यांपासून. वेळ दोन तास. उत्तरपत्रिकेवर पेनानं गोल भरायची सवय घड्याळ लावून करून घेतात.

कमी कुठं? दहावीनंतरच्या सल्ल्यात. आयटीआय, पॉलिटेक्निकबद्दल विचारलं की गाडी डी.एड.वर येते. अन् सोयाबीन काढणीच्या दिवसांत गर्दी नसते, निवांत बोलायचं तर तेव्हाच जा.