डॅब रेडिओ: एक उन्हाळा आणि अर्धा हिवाळा वापरल्यावर

डॅब म्हणजे मनोऱ्यांवरून हवेतून येणारा डिजिटल रेडिओ. दुकानवाले डॅब रेडिओ विकताना आवाजाची फार तारीफ करतात. ती मनावर घेऊ नका. लंडनच्या हॅरोतल्या आमच्या घरी हा सेट गेल्या वसंतात आला. आज कुणी विचारलं तर घेण्याची दोनच कारणं सांगेन: मिळणारी स्टेशनं आणि टेस्ट मॅचची कॉमेंट्री. काही स्टेशनांचा आवाज तर एफएमपेक्षा डावाच आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

सेट मधल्या किमतीतला, एका हाताने उचलून या खोलीतून त्या खोलीत नेता येईल असा. डॅब, डॅब प्लस (डॅबचीच नवी आवृत्ती) आणि एफएम तिन्ही लागतात. ब्लूटूथही आहे म्हणे, अजून लावून पाहिलेलं नाही.

थोडं तंत्र आधी सांगतो, कारण त्यावाचून रेडिओ घरात कुठे ठेवायचा हेच कळत नाही. एफएमवर एका फ्रिक्वेन्सीला एक स्टेशन. डॅबमध्ये सुमारे दीड मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या एका ब्लॉकमध्ये बरीच स्टेशनं एकत्र गुंफून पाठवतात, त्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. बीबीसीच्या देशभर ऐकू येणाऱ्या स्टेशनांचा ब्लॉक १२बी, म्हणजे २२५.६४८ मेगाहर्ट्‌झ. लंडनला असा नाहीतर स्कॉटलंडला, ब्लॉक तोच. सगळे मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच पाठवतात. दर तुकड्याच्या आधी २४६ मायक्रोसेकंदांची सवड ठेवलेली असते, त्यामुळे दूरच्या मनोऱ्याचा किंचित उशिरा पोचलेला सिग्नलही उपयोगीच पडतो. एफएमवर असं केलं असतं तर नुसता गोंधळ झाला असता.

आता मुख्य तक्रार. एफएमचा सिग्नल अशक्त झाला की खरखर वाढते, पण माणूस काय बोलतोय ते कळत राहतं. डॅबला अधलंमधलं काही ठाऊक नाही. सेट आतल्या आत चुका दुरुस्त करत असतो तोवर सगळं स्वच्छ. त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की निवेदक पाण्याखालून बोलल्यासारखी बुडबुड, आणि पुढच्या क्षणी सामसूम. आमचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, वायव्येकडे. लहरी पाठवणारा क्रिस्टल पॅलेसचा मनोरा आग्नेयेला. शिवाय खिडक्यांना ऊब आत धरून ठेवणारी नवी काच. तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो, आणि तो रेडिओलहरीही अडवतो. फ्रिजवर ठेवला की बुडबुड ठरलेली. ओट्याच्या टोकाला, हॉलकडच्या दाराशी ठेवला तर दिवसभर सुरळीत. अंतर दोन हातांचं, पण तेवढ्याने फरक पडतो.

अँटेनाबद्दल सेटबरोबरच्या माहितीपत्रकात धड काही नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवतो. ती उभी ठेवा, कारण इथल्या डॅबच्या लहरी उभ्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे वर-खाली डोलणाऱ्या असतात. आणि पूर्ण ओढायची गरज नाही. २२५ मेगाहर्ट्‌झला लहरीची लांबी साधारण १३३ सेंटिमीटर येते, तिचा चौथा भाग ३३. म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा बोटभर जास्त. एफएम लावाल तेव्हा मात्र सगळी ओढा. फोनचा स्वस्तातला चार्जर आणि ओट्याखालच्या एलईडी पट्ट्या रेडिओजवळून हलवल्या, त्याचाही फायदा झाला. मेनूत मॅन्युअल ट्यूनिंग असतं. तिथे १२बी निवडलं की सिग्नलची पट्टी दिसते. ती बघत बघत सेट घरभर फिरवायचा. बायकोने या प्रकाराला 'भूत उतरवणं' असं नाव ठेवलंय.

आवाजाचं गणित सोपं आहे. मल्टिप्लेक्समध्ये बिट, म्हणजे डिजिटल माहितीचे कण, मोजकेच; ते स्टेशनांनी वाटून घ्यायचे. बीबीसीने डॅबवरून प्रसारण सुरू केलं सप्टेंबर १९९५ मध्ये, आणि त्यांची जुनी राष्ट्रीय स्टेशनं अजून आवाज दाबून लहान करण्याच्या त्या काळच्याच एमपी२ पद्धतीवर आहेत. तिला बिट भरपूर लागतात. रेडिओ ३ला ते सढळ हाताने दिले आहेत, म्हणून तिथला ऑर्केस्ट्रा ऐकावासा वाटतो. गप्पांच्या स्टेशनांना बरेचदा सेकंदाला ६४ किलोबिट, तेही मोनो. बोलण्याला ते पुरतं. व्यापारी स्टेशनांपैकी बरीच डॅब प्लसवर गेली. तिथली पद्धत नवी, कमी बिटांत भागणारी. पण मालकांनी त्याचा उपयोग आवाज सुधारण्याऐवजी आणखी स्टेशनं कोंबायला केला. गाणी पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी येतात. आमच्या सेटला स्पीकरच एक, त्यामुळे मी फार कुरकुर करत नाही. ज्यांच्याकडे चांगली साउंड सिस्टीम आहे त्यांनी एफएमचा ट्यूनर इतक्यात काढून टाकू नये.

क्रिकेटने मात्र एकट्यानेच सेटचे पैसे वसूल करून दिले. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन कानावर पडलेल्यांना रेडिओवरचं क्रिकेट काय असतं ते वेगळं सांगायला नको. इथे ते स्थान बीबीसीच्या 'टेस्ट मॅच स्पेशल' या समालोचनाचं. १९५७ पासून चालू आहे. २०२३च्या अ‍ॅशेसपर्यंत ते लाँग वेव्हवर, १९८ किलोहर्ट्‌झलाही मिळायचं. ते बंद झालं आणि आता रेडिओवर ऐकायचं तर डॅबवरचं ५ स्पोर्ट्‌स एक्स्ट्रा. २०२५ची भारताची मालिका मी जवळजवळ सगळी ओट्याशी उभा राहून ऐकली. ओव्हलचा शेवटचा दिवस, ४ ऑगस्ट: इंग्लंडला ३५ धावा हव्यात, चार विकेट हातात. वोक्स एक हात गळ्यात बांधून खेळायला उतरला, ते वर्णन ऐकताना भाजी करपली. मुलगा शेजारच्या खोलीत फोनवर स्ट्रीम लावून बसला होता. डॅब प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असतं, पण इंटरनेट त्याहून बरंच मागे. सिराजने अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला तेव्हा मी ओरडलो आणि त्याची मजा गेली. सहा धावांनी जिंकलो, मालिका २-२, आणि तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

हाच उशीर इतरत्र खटकतो. बीबीसीचे तासाचे टोले घड्याळ लावायला उपयोगाचे राहिले नाहीत. वर एफएम आणि खाली डॅब लावलं तर जिन्यात उभं राहून प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं.

डॅब लावलं की बॅटरी एफएमपेक्षा लवकर संपते. बागेत नेणार असाल तर लक्षात असू द्या. गाडीतला अनुभव चांगला: हॅरोहून बर्मिंगहॅमपर्यंत १२बी एकदाही बदलावं लागलं नाही. वेल्सच्या डोंगरांत मात्र दरीत उतरलो की बंद, वर चढलो की चालू, आणि तिथे एफएमने लाज राखली.

पुण्याहून दर दोन महिन्यांनी विचारणा होते, "येताना आमच्यासाठी एक आण ना." नका मागवू. भारतात डॅब नाही. तिथे हा सेट साधा एफएम रेडिओ होऊन बसेल. आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडियाल निवडलं आणि तसे तीसहून अधिक ट्रान्समीटर उभे केले. ते पकडायला डीआरएमचाच सेट लागतो, आणि असा सेट सहसा लोकांच्या घरात सापडत नाही. मारुती, ह्युंदाईच्या काही गाड्यांत बसवलेला येतो आणि मालकाला पत्ताही नसतो. एफएमच्या पट्ट्याचं वेगळंच. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी वाहिन्यांच्या डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. सुरुवातीची १३ शहरं, त्यांत मुंबई, पुणे, नागपूर. एकाच फ्रिक्वेन्सीवर जुनं एफएमही चालू आणि सोबत डिजिटल वाहिन्या, अशी कल्पना. तिथल्या नातेवाइकांनी तोवर आकाशवाणीचं अ‍ॅप वापरावं. मीही मराठी बातम्यांसाठी तेच वापरतो, कारण इथल्या डॅबवर मराठी शोधून सापडत नाही. ज्यांनी वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओचा सेट घेऊन 'गंधर्व' वाहिनी ऐकली आणि २००९च्या अखेरीस तो सेट मुका झालेला पाहिला, त्यांना कुठल्या पद्धतीचा सेट घ्यायचा हा प्रश्न का महत्त्वाचा ते पटेल.

इथे राहणाऱ्यांसाठी खरेदीपुरतं: खोक्यावर डिजिटल रेडिओची टिकची खूण बघा. ती असली की डॅब, डॅब प्लस आणि एफएम तिन्ही नक्की. स्टेशनं ब्लॉक बदलतात आणि नवी येतात, म्हणून अधूनमधून पूर्ण स्कॅन करा. आमच्या सेटवर गायब झालेली स्टेशनं त्यानेच परत आली. चॅरिटी शॉपमध्ये जुने देखणे लाकडी सेट पाच-दहा पौंडांत दिसतात. त्यांतले बरेच फक्त जुन्या डॅबचे असतात, बीबीसीची जुनी स्टेशनं पकडतील आणि डॅब प्लसवरच्या स्टेशनांवर गप्प बसतील. नुसती मॅच ऐकायची असेल तर तेही चालतील.